कार्टर, बेनी

(८ ऑगस्ट १९०७–१२ जुलै २००३). विख्यात अमेरिकन जाझ-सॅक्सोफोनवादक, संगीतरचनाकार, वाद्यसंयोजक व वाद्यवृंदप्रमुख. पूर्ण नाव बेनेट लेस्टर कार्टर. आल्टो सॅक्सोफोन हे त्याचे मुख्य वाद्य. तथापि ट्रंपेट व क्लॅरिनेट या वाद्यांवरही त्याचे असामान्य प्रभुत्व होते. ‘स्विंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाझच्या कालखंडातील (सु. १९३५–४५) अग्रगण्य कलावंतांत त्याची गणना होते. त्याच्या कारकीर्दीत एक विसंगती मात्र प्रथमदर्शनीच जाणवते. समव्यवसायी वादकांनी त्याला ‘किंग’ (राजा) हे बिरुद दिले. परंतु त्याने उभारलेला एकही मोठा वाद्यवृंद दीर्घकाळ टिकला नाही, की लोकप्रियतेत बेनी गुडमन, काउंट बेसी किंवा ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदांच्या पंक्तीस बसला नाही. या विसंगतीची कारणे काही अंशी त्याच्या कलास्वभावात, तर बऱ्याच अंशी तत्कालीन अमेरिकन करमणूक-व्यवसायाच्या वर्णभेदी घडणीत आढळतात. कार्टरचे वाद्यवृंद विसर्जित झाले. पण सॅक्सोफोन-समूहासाठी स्वरलेखन करण्याची जी पद्धत त्याने सिद्ध केली, ती स्विंगकालीन संगीताचा स्थायी भाग बनली.

स्विंगकालीन वाद्यवृंद : आरंभीच्या न्यू ऑर्लीन्स जाझमध्ये पाच ते सात वादक एकत्र येऊन उत्स्फूर्तपणे वाजवीत. १९२० नंतर न्यूयॉर्क, शिकागो इ. शहरांतील विस्तीर्ण नृत्यगृहांसाठी मोठे वाद्यवृंद आवश्यक ठरले. वादकांची संख्या बारा ते सोळांपर्यंत वाढल्यावर सर्वांनी एकाच वेळी उत्स्फूर्त वादन करणे अशक्य झाले. वाद्यवृंदाचे तीन विभाग पडले : ट्रंपेट व ट्राँबोन ही पितळी वाद्ये, सॅक्सोफोन व क्लॅरिनेट ही वेताच्या जिव्हाळीची वाद्ये, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा ताल-विभाग. या विभागांनी केव्हा एकत्र यायचे, केव्हा परस्परांना उत्तर द्यायचे आणि एकल वादकाच्या उत्स्फूर्त विस्ताराला कोठे वाव द्यायचा, हे आधी लिहून ठेवणे क्रमप्राप्त झाले. हे काम वाद्यसंयोजकाचे. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात डॉन रेडमन याने १९२३ पासूनच्या काही वर्षांत या लेखनपद्धतीचा पाया घातला. त्यावर इमारत उभारणाऱ्यांत हेंडरसनबरोबर कार्टरचे नाव घेतले जाते.

या वाद्यवृंदांचे अर्थकारण मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून होते : नृत्यगृहे व हॉटेले यांतील दीर्घ मुदतीचे करार, नभोवाणीवरील कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका. यांपैकी मोठ्या हॉटेलांतील करार व जाहिरातदारांनी पुरस्कृत केलेले नभोवाणी कार्यक्रम बहुतांशी गौरवर्णीय वाद्यवृंदांच्याच वाट्याला येत. कृष्णवर्णीय वाद्यवृंदांना गावोगावी एकेका रात्रीचे कार्यक्रम करीत फिरावे लागे. दक्षिणेकडील राज्यांत तर ज्या शहरात कार्यक्रम असे, त्याच शहरातील हॉटेलांत वादकांना प्रवेश नसे. कार्टरच्या वाद्यवृंदांचे भवितव्य बव्हंशी या परिस्थितीनेच ठरविले.

पूर्वायुष्य : कार्टरचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला. मॅनहॅटनमधील सॅन वॉन हिल या दाट वस्तीच्या कृष्णवर्णीय भागात त्याचे बालपण गेले. पियानोचे आरंभीचे पाठ त्याला आईकडून मिळाले. त्याचा चुलतभाऊ क्यूबन बेनेट हा ट्रंपेटवादक होता आणि पुढे एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गाजलेला ट्रंपेटवादक बबर माइली त्याच भागात राहत असे. या दोघांच्या प्रभावामुळे कार्टरने पैसे साठवून एक ट्रंपेट विकत घेतला. परंतु दोन-तीन दिवसांत तो वाजविता येईना, म्हणून दुकानात परत देऊन त्याऐवजी सी-मेलडी जातीचा सॅक्सोफोन आणला. त्या वाद्यावरील वादनात फ्रँक ट्रंबावर या गौरवर्णीय वादकाचा सौम्य, सुस्पष्ट स्वर हा त्याचा आदर्श होता. पुढे तो आल्टो सॅक्सोफोनकडे वळला. विशीत येण्यापूर्वीच तो हार्लेममधील व्यावसायिक वाद्यवृंदांत वाजवू लागला होता. १९२५ मध्ये तो ओहायओतील विल्बरफोर्स या शिक्षणसंस्थेत गेला. पण शिक्षणाऐवजी फ्लेचरचा धाकटा भाऊ होरेस हेंडरसन याच्या वाद्यवृंदातच तो रमला.

वाद्यसंयोजनाचे शिक्षण त्याला कोणत्याही विद्यालयात मिळाले नाही. बाजारात मिळणाऱ्या छापील संयोजनांतील प्रत्येक वाद्याचे सुटे कागद जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून तो त्यांचा परस्परसंबंध अभ्यासत असे. आरंभी तर संपूर्ण स्वरलेखाचा एकत्र आराखडा न करताच तो एकामागून एक वाद्याचा भाग लिहून काढी. चार्ली जॉन्सन याच्या हार्लेममधील वाद्यवृंदाने जानेवारी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली चार्ल्स्टन इज द बेस्ट डान्स आफ्टर ऑल ही रचना त्याच्या आरंभीच्या संयोजनांपैकी होय. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता.

हेंडरसन व मकिनी यांचे वाद्यवृंद : रेडमन सोडून गेल्यानंतर काही काळाने कार्टर फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात वादक व संयोजक म्हणून आला. डिसेंबर १९३० मध्ये ध्वनिमुद्रित झालेली कीप अ साँग इन युअर सोल ही या काळातील त्याची सर्वांत महत्त्वाची कामगिरी. १९३१ मध्ये त्याने डिट्रॉइट येथील ‘मकिनीज कॉटन पिकर्स’ या वाद्यवृंदाचे संगीत-दिग्दर्शन स्वीकारले. तेथेही तो रेडमनचाच उत्तराधिकारी ठरला. ‘चॉकलेट डँडीज’ हे नाव घेऊन वेगवेगळ्या वेळी एकत्र येणाऱ्या वादकसंचाबरोबरही त्याने ध्वनिमुद्रणे केली. त्यांपैकी १९३० मधील डी ब्ल्यूज आणि बगल कॉल रॅग या ध्वनिमुद्रिका उल्लेखनीय आहेत. ब्ल्यूज इन माय हार्ट (१९३१) हे गीत त्याच्या आरंभीच्या लोकप्रिय रचनांपैकी होय.

सॅक्सोफोन-लेखनाची पद्धती : कार्टरच्या पूर्वी सॅक्सोफोनचा समूह मुख्यतः मूळ चाल वाजविणे, एकल वादकामागे दीर्घ स्वर धरणे किंवा पितळी वाद्यांना छोट्या स्वराकृतींनी उत्तर देणे, एवढेच काम करी. कार्टरने या समूहाला स्वतंत्र वक्त्याचे स्थान दिले. मूळ गीताच्या चालीचा एक संपूर्ण फेरा (कोरस) तो चार सॅक्सोफोनांच्या हाती सोपवी. वरच्या आल्टो सॅक्सोफोनसाठी तो नवीन सुरावट लिही. तिची वळणे एखाद्या कसलेल्या वादकाने आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करावा, अशी असत. उरलेले तीन सॅक्सोफोन त्याच लयीत, त्याच उच्चाराने, पण खालच्या निकटच्या स्वरांवर तिच्याबरोबर चालत. त्यामुळे श्रोत्याला चार वाद्यांचा स्वरमेळ ऐकू येतो. परंतु त्याची हालचाल एकट्या वादकाच्या उत्स्फूर्त वादनासारखी भासते. लेखन व उपज या परस्परविरोधी वाटणाऱ्या तत्त्वांचा हा समन्वय होता.

हे लेखन वादकांच्या दृष्टीने अवघड असे. श्वास कोठे घ्यावा, कोणता स्वर हलके सोडावा, कोणत्या स्वरावर जोर द्यावा, याबाबत चौघांत पूर्ण एकवाक्यता असल्याखेरीज त्याचा परिणाम साधत नसे. कार्टर स्वतः वरचा सॅक्सोफोन वाजवीत असल्याने त्याच्या वाद्यवृंदात ही एकवाक्यता प्रत्यक्ष उदाहरणातून निर्माण होई. पुढील काळात सॅक्सोफोनांची संख्या पाचावर गेली, तरी या लेखनाचे तत्त्व तेच राहिले.

पहिला वाद्यवृंद (१९३२–३४) : १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्टरने स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला. टेडी विल्सन (पियानो), चू बेरी (टेनर सॅक्सोफोन), सिड कॅटलेट (ड्रम), डिकी वेल्स (ट्राँबोन) अशा, पुढे कीर्तिमान झालेल्या, वादकांना त्याने एकत्र आणले. १९३३ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्रज संगीतरचनाकार स्पाइक ह्यूझ न्यूयॉर्कला आला असता त्याने आपल्या रचनांच्या ध्वनिमुद्रणासाठी मुख्यतः याच वाद्यवृंदाची निवड केली. त्या ध्वनिमुद्रिकांमुळे कार्टरचे नाव इंग्लंडमधील रसिकांना परिचित झाले. ऑक्टोबर १९३३ मध्ये वाद्यवृंदाने सिंफनी इन रिफ्स, लोनसम नाइट्स, ब्ल्यू लू व डेव्हिल्स हॉलिडे या रचना ध्वनिमुद्रित केल्या. सिंफनी इन रिफ्समधील सॅक्सोफोन-समूहाचा दीर्घ परिच्छेद हा कार्टरच्या पद्धतीचा वस्तुपाठच होय. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तत्कालीन तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. तेवढ्या अवकाशात पितळी वाद्ये, सॅक्सोफोन व एकल वादक यांना प्रमाणबद्ध स्थान देण्याचे कसब या ध्वनिमुद्रिकेत दिसते.

२६ जानेवारी १९३४ रोजी हार्लेममधील अपोलो नाट्यगृह नव्या स्वरूपात खुले झाले, त्या प्रसंगी कार्टरच्याच वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. परंतु हा काळ महामंदीचा होता. ध्वनिमुद्रिकांचा खप घसरला होता व नृत्यगृहांचे करार अल्प मुदतीचे असत. ड्रीम लल्लबाय (डिसेंबर १९३४) यासारखी सुंदर ध्वनिमुद्रणे करूनही त्याच सुमारास हा वाद्यवृंद कार्टरला मोडावा लागला.

याच महिन्यात बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदाचा ‘लेट्स डान्स’ हा कार्यक्रम राष्ट्रीय नभोवाणीवरून सुरू झाला. जाहिरातदाराच्या पैशातून गुडमनला नवीन संयोजने विकत घेता आली. त्यांतील बरीचशी फ्लेचर हेंडरसनची, तर काही कार्टरची होती. कार्टरच्या लोनसम नाइट्सचेच रूपांतर असलेली टेक माय वर्ड ही ध्वनिमुद्रिका गुडमनने १९३४ मध्ये केली होती. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस अँजेल्सच्या पालोमार नृत्यगृहात गुडमनला जे अभूतपूर्व यश मिळाले, त्यापासून स्विंगयुगाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. ज्या दोघा कृष्णवर्णीय संयोजकांच्या लेखणीने या यशाची सामग्री पुरविली, त्यांपैकी हेंडरसनचा जुना वाद्यवृंद त्यापूर्वीच विस्कळित झाला होता आणि कार्टर देशत्यागाच्या वाटेवर होता. गुडमनचे श्रेय यामुळे उणावत नाही. हेंडरसनचे ऋण त्याने कधी लपविले नाही व विल्सनसारख्या कृष्णवर्णीय वादकाला त्याने आपल्याबरोबर जाहीर व्यासपीठावर बसविले. तथापि समान गुणवत्तेला समान संधी मिळत नव्हती, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

यूरोपातील वास्तव्य (१९३५–३८) : १९३५ मध्ये कार्टर पॅरिसला जाऊन विली ल्यूइस याच्या वाद्यवृंदात दाखल झाला. त्या काळी अनेक आफ्रिकी-अमेरिकी वादक कामाच्या व सन्मानाच्या शोधात परदेशी जात असत. याच सुमारास लिऑन ॲबी याचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता, ही गोष्ट या स्थलांतराची व्याप्ती दर्शविते. १९३६ मध्ये इंग्रज समीक्षक लेनर्ड फेदर याच्या सूचनेवरून ब्रिटिश नभोवाणीने (बीबीसी) आपल्या नृत्यवाद्यवृंदासाठी कार्टरची संयोजक म्हणून नेमणूक केली. हेन्री हॉल हा या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. परदेशी वादकांवरील सरकारी निर्बंधांमुळे कार्टरला या वाद्यवृंदात वादन करण्यास मज्जाव होता. परंतु सुमारे दहा महिने दर आठवड्यास तीन ते सहा संयोजने लिहून त्याने ब्रिटिश नृत्यसंगीताचा दर्जा उंचावला.

या वास्तव्यात त्याने लंडन, कोपनहेगन व स्टॉकहोम येथे स्थानिक वादकांसह विपुल ध्वनिमुद्रण केले. लंडनमध्ये १९३६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या व्हेन लाइट्स आर लो या त्याच्या गीतरचनेला जाझच्या नित्य वाजविल्या जाणाऱ्या रचनांत स्थान मिळाले. नाइटफॉल या ध्वनिमुद्रिकेत त्याने टेनर सॅक्सोफोन वाजविला आहे. वॉल्ट्झिंग द ब्ल्यूज ही त्याच वर्षीची ध्वनिमुद्रिका त्रिमात्रिक वॉल्ट्झ तालात आहे. जाझ तेव्हा बहुतांशी चार मात्रांच्या तालात बांधलेले होते, हे लक्षात घेता हा प्रयोग काळाच्या पुढचा होता.

२८ एप्रिल १९३७ रोजी पॅरिस येथे झालेले ध्वनिमुद्रण जाझच्या इतिहासात विशेष गाजले. टेनर सॅक्सोफोनचा श्रेष्ठ वादक कोलमन हॉकिन्स याच्या नावाने झालेल्या या ध्वनिमुद्रणात कार्टर व आंद्रे एक्यां (आल्टो सॅक्सोफोन), हॉकिन्स व आलिक्स कोंबेल (टेनर सॅक्सोफोन), जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि एरवी व्हायोलिनवादक असलेला स्टेफान ग्रापेली (पियानो) यांचा सहभाग होता. हनीसकल रोझ व क्रेझी ऱ्हिदम या रचनांसाठी कार्टरने चार सॅक्सोफोनांचे संयोजन तयार केले. दोन अमेरिकन व दोन फ्रेंच सॅक्सोफोनवादकांचा हा स्वरमेळ एकजिनसी झाला आहे. ‘स्विंग’ या नव्या फ्रेंच ध्वनिमुद्रिका-मालेचा आरंभ याच ध्वनिमुद्रणांनी झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हॉलंडमधील स्खेव्हेनिंगन या समुद्रकाठच्या विहारस्थळी कार्टरने एक आंतरराष्ट्रीय वाद्यवृंद उभारला. त्यात स्कॉटलंडचा ट्राँबोनवादक जॉर्ज चिझम, जमेकाचा सॅक्सोफोनवादक बर्टी किंग, अमेरिकन पियानोवादक फ्रेडी जॉन्सन इ. भिन्न देशांचे व भिन्न वर्णांचे वादक होते. असा मिश्र वाद्यवृंद त्या वेळी अमेरिकेतील बहुतेक नृत्यगृहांत उभा राहणे अशक्य होते. ऑगस्ट १९३७ मध्ये हेग येथे या वादकांची ध्वनिमुद्रणे झाली. वर्णमिश्रणाने संगीताची हानी होत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष सिद्ध केले.

सॅव्हॉय नृत्यगृह व दुसरा वाद्यवृंद (१९३९–४१) : १९३८ मध्ये कार्टर अमेरिकेस परतला, तेव्हा स्विंग-संगीत लोकप्रियतेच्या शिखरावर होते. १९३९ मध्ये त्याने नवीन वाद्यवृंद स्थापन केला आणि हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहात त्याला दीर्घकाळ काम मिळाले. गौर व कृष्णवर्णीय नर्तकांना एकाच फरशीवर मुक्त प्रवेश देणारे हे न्यूयॉर्कमधील प्रमुख नृत्यगृह होते. मेलँकली लल्लबाय ही या वाद्यवृंदाची ओळखधून होती. सप्टेंबर १९३९ मध्ये लायनेल हँप्टन याच्या नावाने झालेल्या व्हेन लाइट्स आर लोच्या ध्वनिमुद्रणात संयोजन व आल्टो सॅक्सोफोनवादन कार्टरचे आहे. मे १९४० मध्ये त्याने रॉय एल्ड्रिज व हॉकिन्स यांच्यासह ‘चॉकलेट डँडीज’च्या नावाने आय कान्ट बिलीव्ह दॅट यू आर इन लव्ह विथ मी ही ध्वनिमुद्रिका केली. नोव्हेंबर १९४० मधील ऑल ऑफ मी या ध्वनिमुद्रिकेत सॅक्सोफोन-समूहाचा एक संपूर्ण फेरा आहे. कार्टरच्या परिपक्व शैलीचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून तिचा निर्देश करता येईल.

तथापि या वाद्यवृंदालाही व्यापक लोकप्रियता लाभली नाही. कार्टरचा स्वभाव संयमी व भिडस्त होता. रंगमंचावरील चमत्कृती त्याला मानवत नव्हती. त्याची संयोजने सूक्ष्म व संतुलित असत. पुनःपुन्हा घोटून श्रोत्यांना उत्तेजित करणाऱ्या स्वराकृतींवर त्यांचा भर नसे. दीर्घ मुदतीचे पुरस्कृत नभोवाणी कार्यक्रम या वाद्यवृंदाला मिळाले नाहीत. १९४१ मध्ये मोठा वाद्यवृंद मोडून त्याने लहान वादकसंच चालविला. त्यात डिझी गिलेस्पी व केनी क्लार्क हे पुढील ‘बीबॉप’ शैलीचे दोन शिल्पकार होते.

कॅलिफोर्नियातील कार्य : १९४२ च्या अखेरीस कार्टर पश्चिम किनाऱ्यावर गेला व पुढे लॉस अँजेल्स येथेच स्थायिक झाला. ध्वनिमुद्रणाच्या मोबदल्यावरून अमेरिकन वादकसंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. ‘कॅपिटल’ या नव्या कंपनीने ऑक्टोबर १९४३ मध्ये वादकसंघाशी तडजोड केल्यावर कार्टरच्या नव्या वाद्यवृंदाने तिच्यासाठी पॉइन्सियाना, मालिबू इ. रचना ध्वनिमुद्रित केल्या (१९४३–४५). जे. जे. जॉन्सन, मॅक्स रोच व माइल्स डेव्हिस हे तरुण वादक निरनिराळ्या वेळी या वाद्यवृंदात होते. परंतु युद्धकालीन प्रवासाची टंचाई, १९४४ मध्ये नृत्यसंगीताच्या स्थळांवर बसविलेला ३० टक्के करमणूक कर आणि गायकांकडे वळलेली लोकरुची यांमुळे मोठे वाद्यवृंद चालविणे दुष्कर झाले. १९४६ च्या अखेरीस गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्याबरोबरच कार्टरनेही आपला वाद्यवृंद विसर्जित केला.

तोपर्यंत त्याने उपजीविकेचा दुसरा मार्ग शोधला होता. स्टॉर्मी वेदर (१९४३) या चित्रपटाच्या संगीतात त्याने संयोजनाचे काम केले. हॉलिवुडच्या चित्रपटसंस्थांत कृष्णवर्णीय संगीतकारांना तेव्हा क्वचितच शिरकाव होता. बऱ्याचदा त्यांच्या कामाला श्रेयनामावलीत स्थानही मिळत नसे. एम स्क्वाड (१९५७–६०) या दूरचित्रवाणी मालिकेचे संगीत, तसेच अ मॅन कॉल्ड ॲडम (१९६६) व बक अँड द प्रीचर (१९७२) या चित्रपटांचे संगीत, ही त्याची या क्षेत्रातील ठळक कामे होत. एला फिट्सजेरल्ड, सारा व्हॉन, रे चार्ल्स इ. गायकांसाठीही त्याने संयोजने लिहिली.

लॉस अँजेल्समध्ये वादकांचे दोन संघ होते : गौरवर्णीयांचा ४७ क्रमांकाचा व कृष्णवर्णीयांचा ७६७ क्रमांकाचा. चित्रपट व नभोवाणी यांतील चांगल्या वेतनाची कामे पहिल्या संघाच्या सभासदांकडेच जात. हे दोन संघ एक करण्याच्या चळवळीत बडी कॉलेट, मार्ल यंग इ. तरुण वादक आघाडीवर होते. कार्टरने आपली प्रतिष्ठा त्यांच्या पाठीशी उभी केली. १९५३ मध्ये दोन्ही संघांचे विलीनीकरण झाले. पुढे अन्य शहरांतील विभक्त वादकसंघांच्या एकीकरणास हे उदाहरण मार्गदर्शक ठरले.

उत्तरकालीन ध्वनिमुद्रणे : १९५० नंतर नॉर्मन ग्रँझ याच्या ‘जाझ ॲट द फिलहार्मोनिक’ या फिरत्या मैफलींत कार्टर सहभागी झाला. जून १९५२ मध्ये ग्रँझने जॉनी हॉजेस, चार्ली पार्कर व कार्टर या आल्टो सॅक्सोफोनच्या तीन श्रेष्ठ वादकांना एकत्र ध्वनिमुद्रित केले. त्यांतील फंकी ब्ल्यूजमध्ये तिघांच्या शैलींची तुलना सहज करता येते : हॉजेसचा ओथंबलेला, घसरत जाणारा स्वर, पार्करची तीव्र, खंडित वाक्ये, आणि कार्टरचा नितळ, सुघटित विस्तार. दीर्घवादन तबकड्यांमुळे तीन मिनिटांची मर्यादा संपल्यावर त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांत जाझ जायंट (१९५७-५८) ही प्रमुख आहे. १९६० मध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदासाठी त्याने कॅन्सस सिटी स्वीट ही दहा भागांची रचना केली.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली फर्दर डेफिनिशन्स ही दीर्घवादन तबकडी त्याची सर्वोत्तम कृती समजली जाते. १९३७ च्या पॅरिसमधील ध्वनिमुद्रणाप्रमाणेच यात दोन आल्टो व दोन टेनर सॅक्सोफोन आहेत. हॉकिन्स व कार्टर या दोघा ज्येष्ठांबरोबर फिल वुड्स व चार्ली राउझ हे आधुनिक पिढीचे वादक आहेत. हनीसकल रोझ व क्रेझी ऱ्हिदम या रचना येथे पुन्हा वाजविल्या आहेत. बॉडी अँड सोल या गीतावरील हॉकिन्सच्या १९३९ मधील सुप्रसिद्ध एकल वादनाचा आधार घेऊन कार्टरने येथे सॅक्सोफोन-समूहासाठी लेखन केले आहे. एकदाच, त्या क्षणी सुचलेली उपज बावीस वर्षांनी लिखित समूहस्वर बनून मूळ वादकाच्या उपस्थितीत उमटली. कार्टरच्या आयुष्यभराच्या पद्धतीचे सार या एका ध्वनिमुद्रणात सापडते.

वादनशैली : आल्टो सॅक्सोफोनवादनात स्विंगकाळी हॉजेस व कार्टर हे दोन आदर्श मानले जात. कार्टरचा स्वर स्वच्छ, गोलाकार व मोजक्या कंपनाचा आहे. त्याच्या विस्तारात पुढील वाक्याची योजना आधीच्या वाक्यात दिसते. त्यामुळे उत्स्फूर्त वादनही लिहून ठेवल्यासारखे रेखीव वाटते. काही समीक्षकांना या रेखीवपणात भावनेची अलिप्तता जाणवली. परंतु उत्तरवयातील मंद लयीच्या ध्वनिमुद्रणांनी हा आक्षेप बराच शिथिल केला. ट्रंपेटवादनात तो अधिक मोकळा व भावपूर्ण होतो. सॅक्सोफोन व ट्रंपेट या दोन वाद्यांसाठी ओठांची ठेवण अगदी भिन्न लागते. दोन्हींवर एवढा अधिकार मिळविलेले जाझवादक विरळाच.

अध्यापन व सन्मान : प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मॉरो बर्गर याच्या निमंत्रणावरून १९६९ पासून कार्टरने तेथे व्याख्याने व अध्यापन केले. त्या विद्यापीठाने १९७४ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. याच संपर्कातून बर्गर व सहकाऱ्यांनी लिहिलेले त्याचे विस्तृत चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये अमेरिकन शासनाच्या वतीने त्याने मध्यपूर्वेचा दौरा केला. हार्लेम रेनेसान्स (१९९२) या वाद्यवृंद-रचनेसाठी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान व २००० मध्ये राष्ट्रीय कलापदक यांनी त्याला गौरविण्यात आले. वयाच्या नव्वदीपर्यंत त्याने जाहीर वादन चालू ठेवले. लॉस अँजेल्स येथे त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : १९२० ते १९९० पर्यंतच्या प्रत्येक दशकात कार्टरची ध्वनिमुद्रणे झाली, इतका दीर्घ व अखंड ध्वनिमुद्रित वारसा जाझमध्ये अपवादात्मकच आहे. स्विंगयुगाचा इतिहास बहुधा लोकप्रिय वाद्यवृंदप्रमुखांच्या नावांनी सांगितला जातो. त्या पद्धतीने पाहिल्यास कार्टरच्या वाट्याला दुय्यम स्थान येते. परंतु त्या युगातील कोणत्याही वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका ऐकताना सॅक्सोफोनांचा समूह एका श्वासाने, एकाच वादकाप्रमाणे बोलू लागला, की तेथे कार्टरच्या लेखणीचे ऋण जाणवते. वर्णभेदाच्या व्यवस्थेने त्याला स्वतःचा वाद्यवृंद टिकवू दिला नाही. त्याची पद्धती मात्र त्याच व्यवस्थेतील दोन्ही बाजूंच्या वाद्यवृंदांनी आत्मसात केली.